भंगारातलं सुखोई आणि डार्विन

“अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात वादळ घुसलं, तर त्यातून सुखोई तयार होऊन उडेल का?” नाशकात उत्क्रांतीचा विषय निघाला की हा प्रश्न कुणीतरी टाकतोच. सुखोई हे लढाऊ विमान ओझरच्या एचएएल कारखान्यात जोडलं गेलेलं, त्यामुळे तो अगदी घरचा वाटतो. पण प्रश्न इथला नाही. मुळात त्यात बोइंग ७४७ होतं आणि १९८१ च्या सुमारास तो मांडला फ्रेड हॉइल या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने. हॉइल म्हणजे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू, आणि नारळीकर म्हणजे २०२१ साली नाशिकलाच भरलेल्या ९४ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. एवढा जवळचा धागा असूनही हा प्रश्न कुठून आला ते इथे फारसं कुणी सांगत नाही.

हॉइल बायबलच्या बाजूचे नव्हते. जीवनाची बीजं अंतराळातून आली असं त्यांचं मत होतं. पृथ्वीवर पहिला जीव आपोआप घडणं किती अवघड, हे पटवायला त्यांनी ही उपमा वापरली. अमेरिकेतल्या निर्मितीवाद्यांनी, म्हणजे देवानेच सगळे जीव घडवले असं मानणाऱ्यांनी, ती उचलली आणि थेट डार्विनवर रोखली. तिथेच गफलत झाली. नैसर्गिक निवडीत काहीच एका झटक्यात जुळून येत नाही. प्रत्येक पिढीत थोडाथोडा फरक पडतो, ज्याचा उपयोग होतो तो टिकतो आणि पुढची पिढी तिथून सुरू होते.

“घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणारच”, तसाच सृष्टीलाही कर्ता असणारच, हा युक्तिवाद तर डार्विनच्याही आधीचा. विल्यम पेली या इंग्रज धर्मपंडिताने तो १८०२ साली मांडला. डार्विन तरुणपणी पेली वाचूनच मोठा झाला होता आणि १८५९ साली त्याने त्यालाच उत्तर दिलं. डोळ्यासारखा अवयव निवडीतून घडला हे म्हणणं हास्यास्पद वाटेल, असं त्याने स्वतःच लिहिलं आणि लगेच पुढे ते कसं शक्य आहे हेही समजावलं. वादात मात्र पहिलंच वाक्य फेकलं जातं, पुढचं गाळून.

या वादाचा पुढचा मोठा भाग अमेरिकेतल्या कोर्टांमध्ये घडला. १९२५ साली टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला आणि शंभर डॉलर दंड झाला. १९६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. मग उत्क्रांती आणि देवाची निर्मिती अशा ‘दोन्ही बाजू शिकवा’ असा आग्रह सुरू झाला. तोही १९८७ साली फेटाळला गेला. तेव्हा ‘निर्मिती’ हा शब्द बाजूला ठेवून ‘बुद्धिमान रचना’ (इंटेलिजंट डिझाइन) हा नवा शब्द पुढे आला. २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्यात तेही उघडं पडलं. एका पाठ्यपुस्तकाचे जुने खर्डे कोर्टात आले. १९८७ च्या निकालानंतर त्यात ‘निर्मितीवादी’ खोडून ‘रचनेचे पुरस्कर्ते’ असं घातलं होतं, आणि एका जागी घाईत दोन्ही शब्द एकमेकांत अडकून तसेच राहिले होते. हा शब्द आज आपल्याकडे नवा विचार म्हणून मांडला जातो, तेव्हा तो अर्धवट खोडलेला कागद आठवावा.

या सगळ्या भांडणाच्या मुळाशी काळाचा प्रश्न होता. आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात बायबलवरून हिशेब करून सृष्टीचा जन्म इसवी सनपूर्व ४००४ मध्ये टाकला. सहा हजार वर्षांत उत्क्रांती बसत नाही, म्हणून ती नाकारणं भाग पडलं. आपल्याकडे ही अडचण कधीच नव्हती. पुराणातला एक कल्पच ४३२ कोटी वर्षांचा. आणि नाशिककराच्या तर पायाखालीच पुरावा आहे. पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास थंड झालेला लाव्हा. गंगापूरजवळ गंगावाडीला गोदेच्या वाळू-गोट्यांच्या थरांत पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना पुराश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली, हातात धरायच्या कुऱ्हाडींसह. धरणावर भजी खायला जाणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगितलंय?

आपल्याकडे विरोध वेगळ्या वाटेने आला. एक वाट ‘हे तर दशावतारात आधीच आहे’ म्हणणाऱ्यांची. मासा, कासव, वराह, नरसिंह हा क्रम डार्विनशी जोडून थिऑसॉफी या अध्यात्मिक चळवळीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७ सालीच छापला. डार्विनचं पुस्तक येऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. तुलना मोहक आहे, पण कासव माशाच्या वंशात जन्मलं असं कुठलंच पुराण सांगत नाही. तिथे एकच विष्णू रूपं घेतो. ती श्रद्धा तिच्या जागी पूर्ण आहे, तिला डार्विनच्या शिफारसपत्राची गरज नाही.

दुसरी अडचण आपल्याच शब्दाने केली. ‘उत्क्रांती’मधला ‘उत्’ म्हणजे वर. ऐकणाऱ्याला वाटतं, ही शिडी आहे, खाली जंतू, मध्ये माकड आणि वर आपण. त्यातूनच ‘मग आजची माकडं माणूस का होत नाहीत?’ हा प्रश्न जन्मतो. माकड आपला आजोबा नव्हे, लांबचं चुलत भावंड आहे. आणि हर्बर्ट स्पेन्सरचं ‘जो योग्य तो टिकेल’ हे वाक्य मराठीत ‘बळी तो कान पिळी’ होऊन बसलं. इथे योग्य म्हणजे दांडगा नव्हे, त्या परिस्थितीत निभावणारा.

२०१८ च्या जानेवारीत, नाशकाहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल अशा औरंगाबादेत, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, डार्विन चुकीचा आहे, अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. मात्र २०२३ साली केंद्रीय बोर्डाची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली. कोरोनाकाळात भार कमी करायला काढलेला भाग परत आलाच नाही. अठराशेहून जास्त वैज्ञानिक आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. म्हणजे गंगापूर रोडच्या एकाच इमारतीत वरच्या मजल्यावरची मुलगी हा धडा शिकते आणि खालच्या मजल्यावरच्या, केंद्रीय बोर्डाच्या मुलाने अकरावीला जीवशास्त्र घेतलं नाही तर त्याला तो कधीच भेटत नाही. मला सर्वांत जास्त हे लागतं.

निफाडकडे माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. डार्विन त्याला पटत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर एकदा त्याने पान उलटून दाखवलं. वर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी. “डाऊनी आहे दादा. त्याच त्या औषधावर राहिलं की ती निर्ढावते. ग्रुप बदलूनच मारावं लागतं.” लाखो बीजाणूंतले बहुतेक मरतात, काही मूठभर वाचतात, पुढच्या पावसात त्यांचीच पिलावळ सगळ्या बागेत असते. हे त्याने मला बोटाने पान पुसत सांगितलं, आणि फवारणीच्या वहीत त्या दिवसाच्या पुढे वेगळ्या ग्रुपच्या औषधाचं नाव लिहिलं.