मध्ययुगीन समाजांतील स्त्रियांचे स्थान

सुमारे सहाव्या ते पंधराव्या शतकापर्यंतच्या काळात निरनिराळ्या समाजांत व धर्मांत स्त्रियांना कोणते कायदेशीर, आर्थिक आणि धार्मिक अधिकार होते व त्यांवर कोणती बंधने होती, याचा विचार या विषयात होतो. ‘मध्ययुग’ ही कालविभागणी मूळची युरोपच्या इतिहासातील असल्यामुळे ती भारताला किंवा जपानला काटेकोरपणे लागू पडत नाही. परंतु सोयीसाठी ती रूढ झाली आहे. धर्मग्रंथांतील स्तुतिनिंदेच्या वचनांवरून त्या काळच्या स्त्रीची पायरी ठरवण्याची पद्धत जुनी असली, तरी फसवी आहे. स्त्रियांची पूजा व्हावी असे सांगणारी मनुस्मृती स्त्रीला स्वातंत्र्य नसावे असेही सांगते, आणि दोन्ही बाजूंचे वादपटू आपापल्या सोयीचे वचन उचलतात. त्यापेक्षा स्त्रीच्या नावावर काय होते, ते तिला विकता येत होते का, तिच्यामागे ते कोणाकडे जात होते आणि लग्न किंवा संन्यास यांबाबत तिचा शब्द कुठवर चालत होता, हे प्रश्न अधिक उपयोगी पडतात.

या दृष्टीने भारतातील सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ कल्याणीस, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, रचला गेला. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (कार. १०७६–११२६) याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. आईबाप, नवरा व भाऊ यांनी दिलेले, विवाहाग्नीसमोर मिळालेले आणि नवऱ्याने दुसरी बायको करताना पहिलीला भरपाई म्हणून दिलेले द्रव्य, अशी स्त्रीधनाची, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालकीच्या धनाची, यादी मूळ स्मृतीत आहे. विज्ञानेश्वराने ही यादी केवळ नमुन्यादाखल धरली आणि वारशाने आलेली, खरेदी केलेली, वाटणीत मिळालेली किंवा अन्य मार्गाने हाती आलेली मालमत्ताही स्त्रीधनच होय, असा अर्थ लावला. नवरा एकत्र कुटुंबातून वाटणी घेऊन वेगळा झालेला असून निपुत्रिक वारला, तर त्याची पहिली वारस त्याची पत्नी आणि तिच्यानंतर मुलगी, हा क्रमही त्याने आग्रहाने मांडला. ज्या राज्यात हा ग्रंथ सिद्ध झाला तेथे राण्यांकडे प्रांतांचा कारभार असल्याचे शिलालेखांतून दिसते. त्यामुळे टीकाकाराची उदार भूमिका निव्वळ शब्दांच्या अर्थचर्चेतून आली असेल असे वाटत नाही.

मात्र ही उदारता सरसकट नव्हती. दुष्काळ, आजारपण, धर्मकृत्य किंवा कैद अशा प्रसंगी नवऱ्याने वापरलेले स्त्रीधन त्याने परत केलेच पाहिजे असे नाही, ही याज्ञवल्क्याची मुभा कायम राहिली. नवरा एकत्र कुटुंबात असताना वारला, तर विधवेच्या वाट्याला फक्त अन्नवस्त्र येई. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने नेमकी उलटी मांडणी केली. स्त्रीधनाची व्याप्ती तेथे आखडली, पण निपुत्रिक विधवेला एकत्र कुटुंबातही नवऱ्याचा हिस्सा, तिच्या हयातीपुरता का होईना, मिळू लागला. सतीबाबतही टीकाकारांत एकमत नव्हते. मनुस्मृतीचा काश्मीरकडील भाष्यकार मेधातिथी याने सहगमनाला, म्हणजे नवऱ्याच्या चितेवर जाण्याला, विरोध केला, तर स्त्रीधनाबाबत इतका मोकळा असणारा विज्ञानेश्वर गर्भवती आणि लहान मुलांच्या आया वगळता इतर सर्वांसाठी सहगमन मान्य करतो. ‘पुरोगामी’ किंवा ‘प्रतिगामी’ अशी एकच चिठ्ठी त्या काळच्या माणसाला चिकटवणाऱ्यांनी या दोन मतांवर एकत्र विचार करावा.

शास्त्रात जे स्पष्ट होत नाही ते शिलालेखांत पुष्कळदा दिसते. तंजावरच्या राजराजेश्वर मंदिराच्या भिंतीवर अकराव्या शतकाच्या आरंभीच्या एका लेखात मंदिरसेवेसाठी आणलेल्या ४०० स्त्रियांची नोंद आहे. प्रत्येकीचे नाव, ती पूर्वी कोणत्या गावच्या मंदिरात होती, तिला कोणत्या रांगेतले कोणते घर मिळाले आणि वर्षाला किती भात मिळणार, हे त्यात ओळीने कोरले आहे. त्या काळच्या सामान्य स्त्रिया इतक्या मोठ्या संख्येने नावानिशी एका ठिकाणी क्वचितच भेटतात. लक्कुंडी येथील ब्रह्म जिनालय अत्तिमब्बे या जैन विधवेने १००७ च्या सुमारास बांधवले; पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती करवून तिने वाटल्या, असेही सांगितले जाते. दिल्लीची रझिया (कार. १२३६–४०) किंवा काकतीय रुद्रमादेवी यांची नावे या विषयात नेहमी पुढे येतात; पण गादीवर बसलेल्या एका स्त्रीवरून तिच्या राज्यातील इतर स्त्रियांविषयी फारसे काही कळत नाही.

इस्लामी कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा आणि विधवेला, अपत्ये असल्यास, एक अष्टमांश हिस्सा कुराणानेच ठरवून दिला. वारसाहक्क नात्यातील इतरांच्या मर्जीवर न राहता आकड्यांत बांधला गेला, हे त्याचे वैशिष्ट्य होय. मेहेर, म्हणजे लग्नात नवऱ्याने पत्नीला द्यावयाची रक्कम, पत्नीची असे आणि लग्नानंतरही तिची मिळकत नवऱ्याच्या मिळकतीत विलीन होत नसे. दुसरीकडे तलाकचा एकतर्फी अधिकार पुरुषाकडेच राहिला. विद्येच्या क्षेत्रात हदीस-परंपरेने, म्हणजे पैगंबरांची वचने व आचार जतन करणाऱ्या परंपरेने, स्त्रियांना जागा दिली. अकराव्या शतकात मक्केत राहणारी करीमा अल-मर्वझिया ही ‘सहीह बुखारी’ या हदीस-संग्रहाच्या पाठासाठी इतकी प्रमाण मानली जाई की, दूरदूरचे विद्वान तिच्याकडून तो ऐकून घेत.

धर्म एक असूनही आचार किती बदलत असे, याचे जिवंत वर्णन चौदाव्या शतकातील मोरोक्कन प्रवासी इब्न बतूता याने केले आहे. गोव्याच्या दक्षिणेस होन्नावर येथे त्याला मुलींच्या १३ आणि मुलग्यांच्या २३ शाळा आढळल्या. तेथील मुसलमान स्त्रियांना कुराण मुखोद्गत होते. त्या शिवलेले कपडे न घालता एक लांब वस्त्र कमरेला गुंडाळून त्याचाच पदर डोक्यावरून घेत आणि नाकात सोन्याचे कडे घालत, असे तो लिहितो. लुगडे आणि नथ यांच्याशी परिचय असलेल्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. पुढे मालदीव बेटांवर तो काझी झाला तेव्हा तेथे खदीजा ही राणी राज्य करीत होती आणि स्त्रिया कमरेच्या वर वस्त्र न घेता सर्वत्र वावरत. त्यांनी अंग झाकावे म्हणून त्याने हुकूम काढून पाहिले, पण कोणी जुमानले नाही. अखेर आपल्या कचेरीत तशा वेषात येण्याला मनाई करण्यापलीकडे त्याचे काही चालले नाही.

ज्यू समाजातील विवाहपत्रात, म्हणजे केतुबात, घटस्फोट किंवा वैधव्य आल्यास पत्नीला द्यावयाची रक्कम नमूद असे. माइन्झचा धर्मपंडित गेर्शोम (सु. ९६०–१०२८) याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञांनी युरोपातील ज्यूंमध्ये बहुपत्नीत्व आणि पत्नीच्या संमतीविना घटस्फोट यांवर बंदी आली. इस्लामी देशांतील ज्यूंना त्या लागू नव्हत्या. जुन्या कैरोतील ज्यूंच्या प्रार्थना-सभागृहाच्या गेनिझात, म्हणजे टाकाऊ कागदांच्या कोठीत, सापडलेल्या पत्रांमुळे तेथील स्त्रियांचे व्यवहार कळतात. सन ११०० च्या सुमारास होऊन गेलेली अल-वुहशा ही दलालीचा व सावकारीचा धंदा करणारी घटस्फोटित स्त्री त्यांत ठळकपणे दिसते. हस्सून नावाच्या पुरुषापासून तिला विवाहबाह्य मुलगा झाला, त्यावरून प्रायश्चित्ताच्या मोठ्या सणाच्या दिवशी तिला एका सभागृहातून घालवून देण्यात आले. मृत्युपत्रात तिने मुलाच्या शिक्षणाची तजवीज केली आणि सभागृहांना दिव्याच्या तेलासाठी देणग्या ठेवल्या. ज्या सभागृहातून तिला बाहेर काढले होते तेही त्यांत होते.

ख्रिस्ती युरोपात बाराव्या शतकात वधूवरांच्या संमतीनेच विवाह सिद्ध होतो हे तत्त्व चर्चने पक्के केले, आणि आईबापांच्या निर्णयाला निदान तात्त्विक मर्यादा पडली. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई, पण विधवेला सामान्यतः त्याच्या जमिनीच्या एकतृतीयांशावर हयातीपुरता हक्क असे. राजाने श्रीमंत विधवांना मनाविरुद्ध लग्न करायला लावू नये, अशी अट १२१५ च्या ‘मॅग्ना कार्टा’ या राजाच्या सनदेत घालावी लागली, यावरून अशी सक्ती किती नित्याची होती हे कळते. जपानमध्ये कामाकुरा येथील योद्ध्यांच्या राजवटीच्या १२३२ च्या कायदेसंहितेने निपुत्रिक स्त्रीला दत्तक वारस घेण्याची मुभा दिली. परंतु पुढच्या शतकभरात मुलींचे हिस्से हयातीपुरते होत गेले आणि जमीन एकाच मुलाकडे जाऊ लागली. जमिनीचे तुकडे पडू नयेत ही योद्धा घराण्यांची गरज त्यामागे होती.

संन्यास हा संसाराबाहेर पडण्याचा मार्ग स्त्रीला खुला आहे की नाही, हा प्रश्न जैनांमध्ये मोक्षाच्याच प्रश्नाशी जोडला गेला. पूर्ण अपरिग्रहासाठी वस्त्रत्याग आवश्यक आणि स्त्रीला तो शक्य नाही, म्हणून स्त्रीजन्मात मोक्ष नाही, असे दिगंबर पंडितांचे म्हणणे होते. श्वेतांबरांना ते मान्य नव्हते. यापनीय या जैनांच्याच तिसऱ्या पंथातील शाकटायनाने नवव्या शतकात स्त्रीच्या मोक्षाधिकाराचे तर्कशुद्ध समर्थन केले. कन्नड प्रदेशात या वादाच्या पार्श्वभूमीवर बाराव्या शतकातील अक्कमहादेवीची परंपरागत कथा निराळीच वाटते. शरण म्हणवणाऱ्या शिवभक्तांच्या मेळ्यात, मिताक्षरेच्या त्याच कल्याणनगरीत, ती वस्त्रे टाकून केवळ केसांनी अंग झाकून आली, असे म्हणतात.

महाराष्ट्रात तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी स्त्रियांना संन्यासाचा व ज्ञानाचा अधिकार दिला. लीळाचरित्र या त्यांच्या आठवणींच्या ग्रंथात रजस्वलेच्या विटाळाचा प्रश्न निघतो, तेव्हा शरीराच्या इतर स्रावांप्रमाणेच हाही एक स्राव आहे, असे ते समजावतात. महदाइसेसारखी शिष्या प्रश्नांमागून प्रश्न विचारते आणि ते सर्व नोंदवले जातात. तरीही पुरुष संन्याशाने चित्रातली स्त्रीदेखील पाहू नये, हा नियम त्याच पंथाच्या आचारसूत्रांत आहे. वारकऱ्यांमध्ये संसार न सोडता भक्ती करायची होती. तेथे दासीपण करणारी जनाबाई, चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई आणि गणिकेच्या पोटी जन्मलेली कान्होपात्रा यांची वाणी टिकली. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी’ असे म्हणत भरल्या बाजारातून जाणारी जनाबाई आजही गायली जाते. या अभंगांनी मालमत्तेचा एकही नियम बदलला नाही. पंढरीच्या वाटेवर मात्र स्त्रीला बोलण्याचा हक्क मिळाला.

मिताक्षरेचा पुढील इतिहास या संदर्भात नोंदण्याजोगा आहे. ब्रिटिश अमदानीत प्रिव्ही कौन्सिल या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने १९०३ आणि १९१२ मधील निकालांत वारशाने व वाटणीने आलेली मालमत्ता स्त्रीधन ठरत नाही असा निर्णय दिला आणि विज्ञानेश्वराने रुंदावलेली व्याख्या पुन्हा आकुंचित झाली. मुंबई इलाख्यात, नीलकंठाच्या सतराव्या शतकातील ‘व्यवहारमयूखा’चा प्रभाव असल्यामुळे, बापाकडून वारशाने आलेल्या मिळकतीवर मुलीची पूर्ण मालकी मानली जात राहिली. स्त्रीने वारशाने, वाटणीने, बक्षिसाने किंवा खरेदीने मिळवलेल्या मालमत्तेवर तिचा पूर्ण हक्क, ही तरतूद देशभर लागू झाली ती १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने.