पासिंगला गाडी नापास झाली, आता ती रस्त्यावर काढायची का?

गावाकडच्या गाडीला 15 वर्षं होतात आणि रीपासिंगची, म्हणजे तपासणी करून नोंदणी वाढवून घेण्याची, वेळ येते. निरीक्षक गाडीखाली वाकून बघतात आणि नापास करतात. मग सगळ्यांचा प्रश्न एकच: गाडी घरी कशी न्यायची?

आधी आरसीवरची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते, पुढे दर खेपेला 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. तुम्ही मुदतीआधी अर्ज केला असेल आणि तारीख अजून पुढे असेल, तर नापास शेऱ्याने नोंदणी त्या दिवशी संपत नाही. तारीख उलटून गेली असेल, तर मात्र कायद्याच्या नजरेत गाडी बिननोंदणीची. ती चालवली तर मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 192 लागतं: पहिल्यांदा 2,000 ते 5,000 रुपये दंड, पुन्हा सापडलात तर 5,000 ते 10,000 रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. पोलीस किंवा आरटीओ गाडी अडकवूनही ठेवू शकतात.

तारीख शिल्लक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. कलम 190 म्हणतं की धोकादायक दोष माहीत असताना, किंवा साध्या काळजीने कळला असता असा दोष असताना, गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणं हाच गुन्हा. दंड 1,500 रुपये. त्यातून कुणी जखमी झालं किंवा कुणाचं नुकसान झालं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. नापास झाल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही, कारण दोष लिहून तुमच्या हातात दिलेला असतो. पुतण्याला चावी देऊन ‘जरा बाजारात जाऊन ये’ म्हणालात तरी तुम्ही सुटत नाही. चालवू देणाराही जबाबदार धरला जातो. शिवाय अपघात झाला तर विम्याचा दावा अडकायची भीती असतेच.

म्हणून सरळ सांगतो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर किंवा चेसिससाठी नापास झाली असेल, तर टोचन बोलवा. गॅरेजपर्यंत स्वतः न्यायचीच असेल तर निरीक्षकांना लेखी परवानगी मागा आणि ती मिळाली तरच न्या. ‘जा हो, कोण बघतंय’ हा एजंटचा शब्द कागद नव्हे.

आपल्याकडे कोकणात खारा वारा गाडीला आतून खातो. आमच्या वाडीतल्या एका काकांची गाडी वरून चकचकीत होती. मिस्त्रीने रॅम्पवर चढवली आणि दाराखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. तांबडा भुगा खाली सांडला. ब्रेकच्या पाइपावरही तसेच पोपडे होते. तो पाइप कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना फुटला असता तर काय झालं असतं, हे काकांना सांगावं लागलं नाही. तुमची गाडी किनाऱ्यालगत उभी असते, तर पासिंगच्या महिनाभर आधी खालून तपासून घ्या. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी नको. दिवे, हॉर्न, वायपर घरच्या घरी बघता येतात.

अर्ज मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासून करता येतो, आणि तो तेव्हाच करा. नापास झालात तरी दुरुस्तीला दिवस हाताशी राहतात. परिवहन पोर्टलवर नमुना 25 भरायचा, शुल्क भरून तारीख घ्यायची आणि नेमून दिलेल्या ठिकाणी गाडी न्यायची. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन कार्ड, पत्त्याचा पुरावा, पर्यावरण कर भरल्याची पावती आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्या. जुने ई-चलन थकलेलं असेल तर आधी भरून टाका. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झालं, फार जुन्या गाडीला त्याहून जास्त; पोर्टलवर येईल तो आकडा खरा. उशीर झाला तर दरमहा 500 रुपये वेगळे.

नापास झाल्यावर कशाकशात झाली ते लेखी घ्या आणि तोच कागद मिस्त्रीला दाखवा. दुरुस्ती करून पुन्हा तारीख घ्यायची. निकाल चुकीचा वाटला तर लेखी आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत कलम 57 खाली अपील करता येतं.

रिक्षा, टेम्पो, मासळीची पिकअप यांचं वेगळं आहे. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतं. ते नसेल तर नोंदणीच वैध धरली जात नाही.

एक सवलत कायद्यातच आहे, ती प्रत्येक घरात माहीत असावी. मुदत संपलेली गाडी आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेण्यासाठी वापरली तर कलम 192 लागत नाही. मात्र सात दिवसांत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला तसं कळवावं लागतं. कळवताना दवाखान्याच्या केसपेपरची प्रत जोडा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.