काटा बोलतो, कॉम्प्युटर ऐकतो

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर साखर ठेवली की वजन थेट बिलिंगच्या कॉम्प्युटरवर उमटतं. मधे फक्त एक केबल. तिच्यात कामाच्या तारा तीनच: एक बोलायची, एक ऐकायची आणि एक ग्राउंड. जोडताना एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावायचं असतं. मी एकदा तोंडाला तोंड लावलं आणि अख्खी दुपार ‘काटा बिघडलाय’ म्हणत बसलो.

वजनातला ‘२’ हा अंक घेऊ. आस्की संकेतात, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा देणाऱ्या यादीत, तो ५०, बिटांत (म्हणजे ० आणि १ मध्ये) ००११००१०. हे आठ बिट एकाच तारेतून एकामागून एक जाणार. पण लागोपाठ दोन शून्यं आली तर तारेवर काहीच हलत नाही. मग पहिलं कुठे संपलं, दुसरं कुठे सुरू झालं, हे कॉम्प्युटरला कसं कळावं? ठेका धरणारी वेगळी तार तर नाहीच.

सांगण्यासारखं काही नसतं तेव्हा तार ‘१’ वर असते. ही तारायंत्राच्या काळची सवय: वीज वाहतेय, म्हणजे तार शाबूत आहे. बोलायचं झालं की काटा तार ‘०’ वर आणतो. हा स्टार्ट बिट. तो दिसताच कॉम्प्युटर आपलं घड्याळ लावतो. वेग ९६०० बॉड, म्हणजे इथे सेकंदाला ९६०० बिट, ठरला असेल तर एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा. आधी अर्धा बिट थांबून तो खात्री करतो की हा नुसता विजेचा झटका नव्हता. मग दर १०४ मायक्रोसेकंदांनी तारेकडे बघतो, म्हणजे नजर दरवेळी बिटाच्या मध्यावर पडते. उजवीकडचा बिट आधी निघतो, म्हणून आपला ‘२’ उलटा पोचतो: ०१००११००. शेवटी तार परत ‘१’ वर, हा स्टॉप बिट.

दोन्हीकडची घड्याळं तंतोतंत जुळावी लागत नाहीत. दहा बिटांपुरती साथ पुरते, पुढच्या अंकाला नव्याने सुरुवात. फरक पाच टक्क्यांच्या आसपास गेला, की शेवटापर्यंत अर्ध्या बिटाची चूक साठते आणि नजर शेजारच्या बिटावर घसरते.

वेगच चुकीचा निवडला तर? काटा ४८०० ने बोलतोय, कॉम्प्युटर ९६०० ने ऐकतोय. प्रत्येक बिट दोनदा मोजला जातो. ‘२’ च्या जागी २४ हा आकडा हाती येतो, ज्याचं छापता येण्याजोगं अक्षरच नाही. वर स्टॉप बिटाच्या जागी शून्य. स्क्रीनवर चौकोन आणि भलतीसलती चिन्हं दिसली, तर नवी केबल आणण्याआधी बॉड रेट बघा.