कबड्डीच्या मैदानाएवढे अंतर

बेळगावच्या कॅम्पात किंवा टिळकवाडीत शाळा भरायच्या वेळी एकदा गेटपाशी उभे राहून पाहा. वर्दीच्या रिक्षा, पुढे एक नि मागे एक मूल घेऊन आलेली दुचाकी, रस्त्यातच थांबलेली मोटार, तिच्यामागे हॉर्नचा कल्लोळ. प्रत्येकाला आपले मूल गेटच्या अगदी तोंडाशी उतरवायचे असते. त्यामागे माया असते, हे मी जाणते. मीही तेच करत होते. पण वर्गात भौतिकशास्त्र शिकवताना एकदा फळ्यावर हिशेब मांडला आणि ती सवय सोडली.

ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटरहून थोडे जास्त. मूल आडवे आलेले दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सावध चालकालाही साधारण 1 सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी 8 मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक लागला तर आणखी 5 मीटर. एकूण 13, म्हणजे पुरुषांच्या कबड्डीच्या मैदानाची लांबी.

आता तीच गाडी ताशी 50 ने येऊ द्या. ती सेकंदाला जवळपास 14 मीटर कापते. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली, तिथे पोचेपर्यंत हिचा ब्रेक लागलेलाच नसतो. मूल मैदानाच्या त्या टोकाला असेल तर पहिली त्याच्या पुढ्यात थांबते, दुसरी पुऱ्या वेगाने आदळते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हा दणका पावणेतीन पट मोठा असतो. ताशी 30 चा वेग म्हणजे साडेतीन मीटरवरून खाली पडल्यावर येणारा वेग. 50 चा म्हणजे जवळपास 10 मीटरवरून. रस्ता सुरक्षेवरच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, माणसे आणि वाहने जिथे एकत्र वावरतात तिथे ताशी 30 ची मर्यादा मागितली आहे, तिच्या मुळाशी हेच गणित आहे. बेळगावचा पाऊस त्यात भर घालतो. ओल्या रस्त्यावर ते 5 मीटर सहज 9 होतात.

मुलाने नीट बघून रस्ता ओलांडावा, असे आपण म्हणतो. पण त्याला दिसते काय? लांबून येणारी गाडी डोळ्यांत हळूहळू मोठी होत जाते, त्या वाढीवरून मेंदू तिचा वेग जोखतो. गंमत अशी, की 5 सेकंदांवर असलेली वेगवान गाडी तेवढ्याच सेकंदांवरच्या संथ गाडीपेक्षा बरीच लांब असते, म्हणून ती डोळ्यांत जास्त सावकाश वाढते. जी जास्त घातक, तीच जागच्या जागी उभी वाटते! 2011 मध्ये जॉन वॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या अभ्यासात दिसले, की ताशी सुमारे 32 किलोमीटरपेक्षा वेगाने येणारी गाडी प्राथमिक शाळेतल्या मुलांना खात्रीने ओळखता येत नाही. दुचाकी तर अरुंद, तिची वाढ आणखी कमी जाणवते. तेव्हा ‘बघून का नाही गेलास?’ असे त्या वयाच्या पोराला विचारणे मला अन्याय वाटतो.

आणि हे सगळे मूल लांबून दिसले तर. गेटसमोर उभी केलेली आपली गाडी नेमके ते 13 मीटरच गिळते. पहिलीतले पोर उंच बॉनेटच्या आडून निघते ते दुसऱ्याच्या चाकापासून 3 मीटरवर. निपाणी-चिकोडीकडे हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या शाळेवरून जातात. त्यांच्या आडून पलीकडचे काहीच दिसत नाही, आणि एवढे वजन चटकन थांबतही नाही.

शाळेपाशी हंप, म्हणजे गतिरोधक, हवेतच, पण मापाचे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचे माप 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असे आहे. त्यावरून गाडी ताशी 25 ने अलगद जाते. गल्लीत रातोरात उभा राहणारा अरुंद उंचवटा फक्त कंबर मोडतो.

मात्र गेटसमोरची जागा मोकळी ठेवायला ना डांबर लागते ना मंजुरी. इटलीतल्या बोल्झानो शहरात शाळा भरताना नि सुटताना समोरचा रस्ताच थोडा वेळ वाहनांना बंद ठेवतात. आपण निदान 150 मीटर अलीकडे, डाव्या बाजूला, फूटपाथकडे मूल उतरवू शकतो. तिथून मुलाच्या चालीने अडीच-तीन मिनिटे. आमच्या गल्लीतल्या चार घरांनी पाळ्या लावल्या आहेत: एकाने चारही पोरांना कोपऱ्यापासून गेटपर्यंत चालवत न्यायचे. या आठवड्यात पाळी माझी आहे, आणि पाऊस असल्यामुळे दहा मिनिटे आधी निघते.