पालेर्मोची ओली भिंत

उन्हाळा लागला की ‘हजार वर्षांपूर्वीचा बिनविजेचा एसी’ असा एक संदेश फोनवर फिरू लागतो. फोटो असतो इटलीच्या सिसिली बेटावरल्या पालेर्मो शहरातल्या झीझा राजवाड्याचा. हजार नव्हे, साडेआठशे वर्षं. आणि तो एसीही नव्हे. पण खरी गोष्ट त्या संदेशापेक्षा भारी आहे.

उत्तर फ्रान्सातून आलेल्या नॉर्मन लोकांनी 1072 मध्ये अरबांकडून पालेर्मो घेतलं, पण अरबी कारागिरी टाकली नाही. त्यांच्या पहिल्या विल्यम राजाने 1165 च्या सुमारास हा उन्हाळी वाडा बांधायला काढला, दुसऱ्या विल्यमने पुरा केला. राजा ख्रिस्ती, पण कारंज्याच्या दालनातल्या अरबी लेखात त्याची पदवी ‘अल-मुस्तइझ’ आणि वाड्याचं नाव ‘अल-अझीझ’. त्याचंच पुढे झीझा झालं. आत कोनाड्यांवर मधाच्या पोळ्यासारखी थरांची नक्षी, म्हणजे मुकर्नास, आणि कारंज्यावर बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) धाटणीचं सोनेरी मोझॅक, मोर आणि तिरंदाजांचं. (कमानीवर रंगवलेल्या आकृत्यांना लोक ‘सैतान’ म्हणतात. ते खजिना राखतात आणि कितीही मोजले तरी आकडा जुळत नाही म्हणे. मान वर करून मोजलं की कुणाचाही चुकेल.)

मोझॅकखालून निघालेलं पाणी तिरक्या संगमरवरी फरशीवरून उतरायचं. फरशीवर नागमोडी खाचा आहेत, आणि सगळी गंमत तिथेच. गुळगुळीत दगडावरून ते धार धरून निसटलं असतं; खाचांवर ते अडखळतं, पसरतं, हवेला जास्त भिडतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 ज्यूल उष्णता लागते. एक घनमीटर हवा एक अंशाने उतरवायला साधारण 1200 ज्यूल काढावे लागतात. म्हणजे ती उष्णता हवेतूनच घेतली गेली, तर ग्रॅमभर पाणी उडताना घनमीटरभर हवा दोन अंशांनी गार! पुढे पाणी जमिनीतल्या पाटातून, दोन चौकोनी कुंडांतून, वाड्यासमोरच्या तळ्यात. समुद्राकडची झुळूक त्या तळ्यावरून आत यायची.

हे किती गार करेल ते ठरवतं थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळल्यावर दिसणारं तापमान. हवा त्याहून गार होत नाही. बाहेर 35 अंश आणि आर्द्रता 30 टक्के असेल तर ही तळरेघ 22 च्या आसपास. आर्द्रता 80 टक्के झाली की 32. म्हणूनच वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मे महिन्यात नागपुरात घर गारेगार करतो, आणि तोच मुंबईत लावला तर कपाटातल्या कपड्यांना बुरशी.