हनीसकलवरचे बारीक पतंग आणि गादमाश्या : पार्श्वभूमी

नाशिकच्या रोपवाटिकेत हनीसकल मागितले, तर पुष्कळदा मधुमालतीचे रोप हाती ठेवले जाते. दोन्ही वेली सुवासिक, दोघींची फुले उमलताना पांढरी असतात आणि मग रंग पालटतात : मधुमालतीची गुलाबी-लाल होतात, जपानी हनीसकलची पिवळी. तरीही मधुमालती अर्जुन-ऐनाच्या कुळातली, तर हनीसकल म्हणजेच लोनिसेरा ही प्रजाती सर्वस्वी वेगळ्या कुळातली आहे. बागेत या गल्लतीने काही बिघडत नाही. मात्र लोनिसेरावर जगणाऱ्या कीटकांचा विचार करायचा, तर वेल कोणती हे आधी ठरवावेच लागते, कारण यांतील बहुतेकांच्या अळ्या त्या प्रजातीवर किंवा तिच्या मोजक्या नातलगांवरच वाढतात.

वनस्पतींवरील काही गाठी कीटकांनी घातलेल्या अंड्यांमुळे येतात, हे इटलीच्या मार्सेलो माल्पिघी यांनी १६७९ मध्ये दाखवून दिले. लोनिसेरा हे नाव जर्मन वनस्पतिज्ञ ॲडम लोनिट्झर यांच्यावरून आले. कार्ल लिनियस यांनी ते १७५३ मध्ये वापरले आणि पाचच वर्षांनी या वेलीच्या फुलांत वाढणाऱ्या एका पतंगाला अल्युसिटा हेक्साडॅक्टायला, म्हणजे ‘सहा बोटांचा’, असे नाव दिले. अंगठ्याच्या नखाएवढा हा पतंग भिंतीवर पंख पसरून बसला की एखाद्या छोट्या पिसांच्या पंख्यासारखा दिसतो, आणि भिंगाखाली धरला की प्रत्येक पंख सहा पिसांत विभागलेला आढळतो. चार पंखांची मिळून चोवीस पिसे.

पाने पोखरणारे पतंग याहूनही लहान. इंग्लंडच्या ॲड्रियन हॉवर्थ यांनी १८२८ मध्ये वर्णन केलेल्या फायलोनोरिक्टर ट्रायफॅसिएलाची अळी पानाच्या खालच्या पापुद्र्याआड शिरते, आत रेशीम विणते, आणि ते आवळत गेले की पान पिळवटून मुरडते. दिंडोरी-पिंपळगावच्या टोमॅटोवर नागअळीने पोखरलेले पान ज्यांनी उजेडासमोर धरून पाहिले आहे, त्यांना पापुद्र्याआडचे हे जगणे परके वाटणार नाही.

वनस्पतींवर गाठी किंवा विकृती आणणाऱ्या बारीक माश्यांकडे, म्हणजे गादमाश्यांकडे, लक्ष उशिरा गेले, हे साहजिकच होते. दोन-तीन मिलिमीटरची नाजूक माशी दिसत नाही, दिसते ती तिने केलेली विकृती. व्हिएन्नाच्या फ्रान्झ ल्योव यांनी १८७७ मध्ये कॉन्टॅरिनिया लोनिसेरेरम ही जात नोंदवली. तिच्या अळ्यांमुळे कळ्या फुगतात आणि न उमलताच राहतात. पानांच्या कडा गुंडाळून जाड करणारी डॅसिन्युरा पेरिक्लायमेनी १८८९ मध्ये एवाल्ड र्‍यूब्सामेन यांनी वर्णिली. हेच र्‍यूब्सामेन पुढे ऱ्हाइन प्रांतातल्या द्राक्षमळ्यांत फिलॉक्सेरा या द्राक्षवेलींच्या किडीच्या बंदोबस्ताचे काम पाहत होते, ही गोष्ट द्राक्षांच्या नाशिकमध्ये मुद्दाम सांगावीशी वाटते.

भारतात वनस्पतींवरील गाठींच्या अभ्यासाला एम. एस. मणी यांनी आयुष्य वाहिले. बारीक पतंगांचे काम मात्र मोठ्या प्रमाणात इंग्लंडमध्ये बसून एडवर्ड मेरिक यांनी केले. बिहारमधील पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ बेनब्रिग फ्लेचर त्यांना इथले नमुने पाठवत. या मेरिक यांनीच १९१७ मध्ये पेरू देशातील एका करड्या पतंगाचे वर्णन केले होते. तोच, टुटा ॲब्सोल्युटा, २०१४ मध्ये महाराष्ट्रातील टोमॅटोवर आढळला, तेव्हा त्याचे नाव, आयुष्यक्रम आणि खाद्यवनस्पती यांची नोंद अभ्यासकांच्या हाताशी तयार होती.