मोटरसायकलची चासी व सस्पेन्शन जुळवणी

मोटरसायकल वळणात किती सहज झुकते, झुकल्यावर आपली रेष धरते की बाहेर पळते, जोरात ब्रेक लावल्यावर सरळ राहते की वळवळते, हे मुख्यतः चासीची (गाडीच्या चौकटीची) भूमिती आणि सस्पेन्शन या दोघांवर ठरते. चालकाचे वजन, मागचे ओझे आणि रस्ता पाहून त्यांची योग्य मांडणी करणे म्हणजे जुळवणी. आपल्याकडे गॅरेजमध्ये हे काम बहुधा ‘मागचा शॉक एक खाच कडक करा’ एवढ्यावर आटोपते. खरे तर कडक-मऊ हा प्रश्न नंतरचा. गाडी स्वतःच्या स्प्रिंगांवर किती उंचीवर बसते, हे आधी पाहावे लागते, कारण भूमिती त्या उंचीवरच ठरते.

भूमितीत तीन मापे महत्त्वाची. स्टिअरिंगचा अक्ष (हँडल ज्या रेषेभोवती फिरते ती) उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो तो कोन म्हणजे रेक. हा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला टायरच्या टेकण्याच्या बिंदूपुढे भेटतो. त्या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. तिसरे माप दोन चाकांच्या अक्षांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस. स्पोर्ट गाड्यांचा रेक साधारण 23 ते 25 अंश आणि ट्रेल 100 मिमीच्या आसपास असतो. क्रूझरचा रेक 30 अंशांच्या पुढेही जातो. ट्रेल जास्त असेल तर गाडी सरळ धावायला भक्कम आणि वळायला जड होते. तो फार कमी झाला तर हँडल हलके आणि उतावळे होते.

ही मापे कंपनीच्या पत्रकावर एकदा छापलेली असली, तरी चालत्या गाडीत ती सतत बदलत असतात. नमुन्यादाखल 1400 मिमी व्हीलबेस, 24.5 अंश रेक आणि 104 मिमी ट्रेल असलेली गाडी घेऊ. ब्रेक लावल्यावर पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारी नळ्यांची जोडी) 80 मिमी दबला, तर रेक सुमारे 3 अंशांनी आणि ट्रेल 15 मिमीहून अधिक घटतो. त्या क्षणापुरती ती वेगळीच गाडी होते. म्हणून फोर्क त्याला वर आवळून धरणाऱ्या क्लॅम्पमधून 5 मिमी वर सरकवणे हा किरकोळ वाटणारा बदलही (रेकमध्ये सुमारे 0.2 अंश, ट्रेलमध्ये जेमतेम 1 मिमी) सरावलेल्या चालकाला हातांत जाणवतो.

जुळवणीला हात घालण्याआधी टायरमधली हवा थंड असताना तपासावी, चेन आणि चाकांची सरळ रेषा पाहावी. पुढचे चाक उचलून फोर्कची खालची टोके पुढेमागे हलवावी. खटखट जाणवली तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) ढिला आहे. हँडल मधोमध खाचेत बसल्यासारखे अडकत असेल तर तो बदलायला झाला आहे. चिमट्याचे (मागचे चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्याचे) बुश झिजले असतील, तर शॉकवर केलेला सगळा खर्च वाया जातो.

यानंतर सॅग, म्हणजे वजनाने स्प्रिंग किती बसते ते माप. मागचे चाक अधांतरी ठेवून अक्षापासून शेपटाकडच्या ठरावीक खुणेपर्यंत मोजावे. समजा 560 मिमी भरले. मग चालकाने हेल्मेट-जॅकेटसह नेहमीसारखे बसायचे आणि दुसऱ्याने पुन्हा मोजायचे. घर्षणामुळे गाडी दाबून सोडल्यावर एक आकडा येतो आणि उचलून सोडल्यावर दुसरा, म्हणून दोन्हींची सरासरी घेतात. ती 527 आली तर चालकासह सॅग 33 मिमी झाला. रस्त्यावरच्या गाडीला हा आकडा सर्वसाधारणपणे 30 ते 40 मिमी, किंवा एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा.

प्रीलोडची (स्प्रिंगला आधीच दाबून ठेवणारी) रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते, हा समज चिवट आहे. सरळ दराच्या, म्हणजे प्रत्येक मिमी दाबायला सारखाच जोर लागणाऱ्या, स्प्रिंगचा ताठपणा त्याने बदलत नाही. गाडी फक्त वर उचलली जाते. स्प्रिंग आपल्या वजनाची आहे का, हे रिकाम्या गाडीचा, म्हणजे चालक न बसता केवळ तिच्या स्वतःच्या वजनाने येणारा, सॅग सांगतो. चालकासह सॅग बरोबर आहे, पण रिकामी गाडी जवळजवळ बसतच नाही, तर स्प्रिंग मऊ असून ती आवळून भागवले आहे. रिकामी गाडीच खूप बसत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. हे पहिल्यांदा उलटे वाटते, पण इथेच सर्वाधिक लोक चुकीची स्प्रिंग विकत घेतात.

डॅम्पिंग म्हणजे तेलाच्या प्रवाहाला अडवून हालचालीचा वेग आवरणे. दबताना कॉम्प्रेशन, उसळताना रिबाउंड. रिबाउंड कमी असेल तर खड्ड्यानंतर गाडी डोलत राहते. तो जास्त झाला तर रंबलरच्या पट्ट्यांवर शॉकला परत वर यायला सवड मिळत नाही. प्रत्येक पट्टीगणिक तो आणखी दबत जातो. चालकाला ते कडक वाटते आणि तो स्प्रिंगला दोष देतो. एका वेळी एकच गोष्ट, समायोजनाच्या स्क्रूच्या एक-दोन क्लिकने (खाचांनी) बदलून त्याच रस्त्यावर पुन्हा चालवणे हाच खात्रीचा मार्ग.

चासीच्या इतिहासात उत्तर आयर्लंडच्या रेक्स मॅकँडलेस यांनी नॉर्टन या ब्रिटिश मोटरसायकल कंपनीसाठी घडवलेली फेदरबेड चौकट मैलाचा दगड मानली जाते. 1950च्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या सीनियर टीटी शर्यतीत तिच्यावर नॉर्टनने पहिले तीनही क्रमांक घेतले. 1970च्या दशकात जपानी इंजिनांची ताकद त्यांच्या चौकटींना पेलेना, तेव्हा चौकट जितकी ताठ तितकी चांगली हे सूत्र रुजले. स्पेनच्या अँटोनियो कोबास यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या दोन जाड तुळयांची चौकट शर्यतीत आणली आणि ती पुढे सर्वत्र पसरली. पण या सूत्रालाही मर्यादा आहे. गाडी खूप झुकलेली असताना खड्ड्याचा धक्का फोर्कच्या दिशेने येत नाही, आडवा येतो. तिथे चौकटीनेच थोडे लवचीक व्हावे लागते. इटलीच्या डुकाटीने 2009मध्ये मोटोजीपी या जागतिक शर्यत मालिकेत आणलेली कार्बन फायबरची रचना 2012पर्यंत सोडून ॲल्युमिनियमची चौकट स्वीकारली. त्या काळात चालकांची मुख्य तक्रार पुढच्या चाकाची जाणीव हाताला मिळत नाही हीच होती.

पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ड्यूकमध्ये पोलादी नळ्यांची जाळीदार चौकट असते. रोजच्या वापराच्या बहुतेक भारतीय गाड्यांवर मात्र मागच्या प्रीलोडखेरीज फिरवायला काहीच नसते. दुहेरी बसायची सवय असलेल्या आपल्या लोकांसाठी तोही मोलाचा आहे: मागे माणूस बसला की शेपूट खाली जाते, रेक वाढतो, हेडलाइट झाडांवर पडतो आणि घाटातल्या वळणात गाडी बाहेर सरकते. तेव्हा दोन-तीन खाचा वाढवाव्यात, एकटे निघताना पुन्हा उतरवाव्यात. पुढच्या बाजूला फोर्क ऑइल हाच एक उपाय हाती राहतो. जाड तेलाने डॅम्पिंग वाढते. पातळी वाढवली की वरची हवेची पोकळी लहान होते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात फोर्क अधिक ताठ होतो आणि ब्रेकमध्ये तळाला आपटत नाही. दोन्ही नळ्यांत पातळी अगदी सारखी ठेवावी.